दोन जेठालाल, एक पोपटलाल आणि आमची टोळी

(एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी)

आमच्या वर्गात जेठालाल दोन आहेत. एकाच्या वडिलांचे स्टँडवर दुकान आहे, म्हणून तो जेठालाल. दुसरा रोज प्रार्थना सुरू झाल्यावर फाटकातून पळत येतो, म्हणून तोही जेठालाल. भिडे मास्तर एकच आहे. तो वर्गाचा मॉनिटर असून फळ्यावर सुविचार लिहायचे काम त्याच्याकडे आहे. पोपटलालकडे पाऊस नसतानाही छत्री असते. ती त्याच्या आजोबांची आहे आणि उन्हासाठी आहे, पण हे कोण ऐकून घेतो? एका मुलाला आधी डॉक्टर हाथी म्हणत. त्याने एक दिवस मधल्या सुट्टीत उभे राहून सांगितले, "मला हाथी म्हणायचं नाही. डॉक्टर म्हणा, चालंल." तेव्हापासून तो नुसता डॉक्टर आहे, आणि खरचटले की मुले त्यालाच दाखवतात.

मुलामुलींनो, आणि भिंतीजवळ थांबून हे वाचणाऱ्या पालकांनो, ही नावे कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहेच. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. म्हणजे ती आमच्या सगळ्या वर्गापेक्षा वयाने मोठी आहे. तिचे चार हजारांवर भाग झाले आहेत. तारक मेहता नावाचे खरेच एक लेखक होते. ते 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात विनोदी लेख लिहीत आणि त्यावरून ही मालिका काढली. हे मला गुरुजींनी सांगितले. आमच्या जेठालालला (दुकानवाल्या) हे पटत नव्हते. तो म्हणाला, "तारक मेहता तर जेठालालचा शेजारी आहे, तो कशाला लेख लिहील?" गुरुजी हसले आणि म्हणाले, "अरे, मालिकेतला तारक मेहतासुद्धा लेखकच आहे की!" मग त्याला पटले.

आमची चर्चा हापशाजवळच्या लिंबाखाली होते. शाळा भरायच्या आधी अर्धा तास आम्ही तिथे जमतो. काल काय झाले हा पहिला प्रश्न. ज्याने भाग पाहिला तो सांगतो, ज्याने पाहिला नाही तो मधे मधे विचारतो, आणि दोघांनी पाहिला असेल तर भांडण ठरलेले. भांडणाचे विषयही ठरलेले आहेत. बापूजींचे काम करणारे अमित भट्ट हे जेठालालचे काम करणाऱ्या दिलीप जोशींपेक्षा वयाने लहान आहेत, हे खरे की खोटे? (खरे आहे. तरी दर महिन्याला कोणीतरी पैज लावतोच.) टप्पूचे काम आतापर्यंत तीन जणांनी केले, त्यांतला चांगला कोण? आणि सगळ्यांत मोठा वाद म्हणजे दयाबेन परत येणार का?

दयाबेनचे काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ नंतर मालिकेत दिसेनाशा झाल्या. तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो. आम्ही तिला जुन्या भागांतच पाहिले आहे. मालिकेत अनेकदा असे दाखवले की आता दया येणार, जेठालाल खूश, सोसायटी खूश, आणि शेवटी ती येतच नाही. मुले याला हसतात. मला ते आवडत नाही. पोपटलालचे लग्न मोडते त्याला मी पोट धरून हसते, पण दयाच्या वेळी मी उठून पाणी प्यायला जाते. येणार येणार म्हणायचे आणि यायचे नाही, यात विनोद तो काय?

वर्गातली निम्मी मुले 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'च्या बाजूची आहेत. हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर, वनिता खरात ही सगळी मंडळी आमच्या पाठ आहेत. गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्याचा. तो ज्या ऐटीत आपल्या पाड्याचे नाव सांगायचा, त्या ऐटीत आमची मुले आता आपापल्या वस्तीचे नाव सांगतात. नवीन बाई वर्गावर आल्या तेव्हा एकाने तशीच मान झटकून स्वतःचे नाव आणि पुढे "फ्रॉम तांडा" असे सांगितले. बाई हसल्या. पूर्वी तो मुलगा तांड्याचे नाव सांगायला लाजायचा, हे मला ठाऊक आहे, कारण आम्ही पहिलीपासून एका वर्गात आहोत. २०२४ मध्ये गौरव मोरे तो कार्यक्रम सोडून गेला, पण आमच्या वर्गातून काही गेलेला नाही.

हास्यजत्रेत मला नम्रता संभेरावांची लॉली आवडते. ती सांगायला मात्र फार अवघड. लॉली काय बोलते हे सांगून कोणी हसत नाही, तसा आवाज काढावा लागतो. तारक मेहताचे तसे नाही. त्यात गोष्ट असते, आणि गोष्ट दुसऱ्या दिवसावर जाते. सांगणाऱ्याला हे फार सोयीचे. हास्यजत्रेतले प्रहसन एका बैठकीत संपते, तारक मेहताचा भाग संपला तरी "उद्या काय होईल?" हे उरते. हा फरक मला वर्गात कळला नाही. तो मला फोनवर कळला. त्याचे आता सांगते.

पण त्याआधी आमच्या चुलत आजोबांचे सांगायला पाहिजे. आम्ही त्यांना मुंबईचे आबा म्हणतो. ते तरुणपणी परळला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि ते गावी आले ते आलेच. ते म्हणतात, "तुम्ही काय बघता? आम्ही चिमणराव बघितलाय." मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आबांच्या चाळीत पूर्ण मजल्यात एकच संच होता, काळापांढरा. चि. वि. जोशींच्या गोष्टींवरून चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मालिका लागायची. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे. रात्रपाळीला जाणारे लोक डबा हातात धरून उभ्याने बघत. ज्यांची दुपारपाळी असे त्यांचा भाग बुडे. मग दुसऱ्या दिवशी नळावर किंवा साच्यावर त्यांना कोणीतरी सांगायचे. साच्याच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून आबा हातवारे करून सांगत. आजही त्यांनी गुंड्याभाऊ चालून दाखवला की आमची आजी पदर तोंडाला लावते.

मी आबांना विचारले, "ज्याचा भाग बुडायचा त्याला वाईट वाटायचं का हो?" ते म्हणाले, "भाग बुडल्याचं न्हाई वाटायचं गं. दुसरे हसायलेत आन् आपल्याला कळंना, त्याचं वाटायचं."

हे मला एकदम समजले, कारण माझेही असेच झाले होते.

आमच्या गावची पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यात हे कोणाला नवे नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर संसार घालायचा आणि पट्टा पडेपर्यंत तिकडेच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमच्या घरचा एक कोयता सांगलीकडे जातो. २०२४ च्या दिवाळीनंतर मीसुद्धा गेले होते, कारण आमचा धाकटा तेव्हा रांगत होता आणि त्याला सांभाळायला कोणीतरी हवे होते. आई फडात मोळ्या बांधायची, दादा (म्हणजे आमचे वडील) तोडायचे, आणि मी कोपीजवळ धाकट्याला घेऊन बसायची. तिथे टीव्ही नव्हता. मी त्याला खेळवताना टप्पू म्हणू लागले आणि त्याचे तेच नाव पडले.

पाडव्यानंतर मी परत शाळेत आले. लिंबाखाली सगळे जमले होते. कोणीतरी एक शब्द बोलला आणि सगळे एकदम हसले. तो शब्द काय होता हे आज मला आठवतसुद्धा नाही. मी पण हसले, पण मला काही कळले नव्हते. गणिताचे पाच धडे बुडाले होते, ते बाईंनी दुपारी थांबून शिकवले. पण बुडालेले भाग कोण शिकवणार? त्या वेळी पोपटलालनेच (वर्गातल्या) मला मधल्या सुट्टीत बसवून नोव्हेंबरपासूनचे सगळे सांगितले. त्याला चार दिवस लागले. तो सांगताना मधेच स्वतःच हसायचा आणि मग त्याला थांबावे लागायचे. तरी मी म्हणेन की त्याच्याइतके नीट कोणी सांगत नाही.

२०२५ च्या दिवाळीला पुन्हा निघायची वेळ आली. गुरुजी घरी आले. ते दादांशी ओसरीवर बराच वेळ बोलले. आजी म्हणाली, "लेकरू माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या, मी अजून धडधाकट हाय." आईने काहीच म्हटले नाही. तिने टप्पूची झोळी दोनदा घडी करून गाठोड्यात ठेवली. मला वाटले, संपले, आता मलाही जावे लागणार. सकाळी ट्रॅक्टर आला तेव्हा माझे दप्तर घरातच होते. ते गाड्यात घालायचे नाही असे आईने रात्रीच दादांना सांगितले होते.

पहिले काही दिवस फोनवर काय बोलायचे तेच कळेना. आई विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायची, "व्हय." मी विचारायची, "कधी येणार?" ती म्हणायची, "येऊ की." मग दोघी गप्प. टप्पू मागे रडत असायचा. एकदा असेच गप्प झाल्यावर मी उगीचच म्हटले, "आई, आज पोपटलालचं लगीन पुन्हा मोडलं." ती म्हणाली, "कोणाचं गं?" मग मी सगळे सांगितले. पोपटलाल कोण, तो 'तूफान एक्सप्रेस' नावाच्या पेपरात बातमीदार कसा आहे, त्याची छत्री, त्याचे ते कॅन्सल कॅन्सल ओरडणे. आई हसली. फोनमधून तिचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले. ते समोर ऐकते त्यापेक्षा निराळे वाटते, जवळचे वाटते.

तेव्हापासून हे रोजचे झाले. साडेआठला काकूंच्या घरी मालिका बघायची, नऊ वाजता फोन. मालिका हिंदीत असली तरी मी ती आपल्या बोलीत सांगते. माझा जेठालाल "आता काय करावं बया" असे म्हणतो आणि बापूजी त्याला "आरं ए, उठ की, दुकान कोण उघडंल?" असे ओरडतात. भिडे मास्तरची सखाराम स्कूटर मी दादांच्या जुन्या एम-एटीसारखी फुर्रकन बंद पाडते. मुले मला विचारतात की ते लोक मोबाईलवर का बघत नाहीत? दादांचा फोन बटणांचा आहे. टोळीत एकदोघांकडे मोठे फोन आहेत, पण चार्जिंग ट्रॅक्टरवर करावे लागते, आणि पहाटे तीनला उठायचे असते तर रात्री बघत कोण बसणार? भाकरी थापता थापता ऐकणे तेवढे जमते.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आले की फोनवर आई एकटी हसत नाही. दादांनी आवाज मोठा करून फोन उलट्या पातेल्यावर ठेवायला सुरुवात केली होती. शेजारच्या कोप्यांतल्या बाया तिथे येऊन बसत. एक आत्या तर मधेच विचारायच्या, "त्या छत्रीवाल्याचं वय काय गं?" त्यांच्या भावकीत एक मुलगी होती म्हणे. पुढे पुढे त्या रोज पोपटलालसाठी एक एक स्थळ काढू लागल्या. कोणाची मुलगी शिवणकाम जाणते, कोणाची जरा उंच आहे. एक दिवस दादाही म्हणाले, "पण पोरगा मुंबईत भाड्यानं ऱ्हातो का सोताच्या घरात, ते आधी विचार." मला हसू आवरेना.

आता माझ्यावर फार मोठी जबाबदारी येऊन पडली. काकूंच्या टीव्हीचा रिचार्ज संपला तर काय? जानेवारीत तसेच झाले, पाच दिवस काहीच दिसेना. तेव्हा लिंबाखालच्या चर्चेचा मला जो उपयोग झाला तो परीक्षेलाही झाला नसेल. मी वही घेऊन बसायची. दुकानवाला जेठालाल सुरुवात चांगली सांगतो, पण शेवट विसरतो. उशिरा येणारा जेठालाल शेवटच सांगतो. भिडे मास्तर प्रत्येकाला दुरुस्त करतो. मुली कपडे आणि घर नीट सांगतात. ते फडातल्या बायांना फार आवडते. दोघांचे जुळले नाही तर मी डॉक्टरला विचारायची, कारण तो कमी बोलतो आणि खोटे सांगत नाही. असे पाच दिवस गेले आणि टोळीत कोणाला पत्ताही लागला नाही.

एका रात्री फोन लागला तेव्हा आईचा आवाज निराळा होता. टप्पूला ताप होता. दादा म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे." दुसऱ्या दिवशी फोन बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. मी साडेआठला काकूंकडे जाऊन बसायची, पण समोर काय चालले आहे ते दिसत असूनही डोक्यात शिरत नसे. शाळेत पोपटलाल म्हणाला, "तू बघ आन् ध्यानात ठेव. फोन लागल्यावर तीन भाग सांगावे लागतील." चौथ्या दिवशी फोन लागला. दवाखान्यात नेले होते, सुई दिली, ताप उतरला. टप्पू आता बोलायला लागला आहे, त्याने फोनमध्ये विचारले, "टप्पू काय कलतो?" मी मालिकेतल्या टप्पूचे सांगायच्या आधी डोळे पुसले. मागून आत्या म्हणाल्या, "ऱ्हायलेले समदे सांग, आमी जागंच हावोत."

आमच्या वर्गात एक जुना वाद आहे तो इथे सांगते. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, मार्च २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा आला. पहिल्या वेळी त्यात सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. ती पत्रे अरविंद जगताप लिहीत. भाऊ कदम, कुशल बद्रिके आताच हसवून गेलेले असायचे आणि मग हा पोस्टमन यायचा आणि सगळे डोळे पुसायचे. आमचा भिडे मास्तर म्हणतो की हसायच्या कार्यक्रमात रडवायचे कशाला, ही फसवणूक आहे. मी आधी त्याच्या बाजूची होते. आता नाही. हसून हसून माणूस जरा सैल झाला की मगच त्याला असले ऐकवते. एरवी तो ऐकून घेईल का?

हे मला फेब्रुवारीतल्या एका रात्रीवरून वाटते. पोपटलालचे नवे स्थळ आले होते आणि सगळ्या बाया रंगात आल्या होत्या. तेवढ्यात आत्या हसत हसत आईला म्हणाल्या, "त्या छत्रीवाल्याचं ऱ्हाऊ दे गं, हिचंच बघा आता. सातवी झाली की. औंदा उरकून टाका, म्हंजी पुढच्या साली दुसरा कोयता व्हईल." बाया हसल्या. मला फोनमधून सगळे ऐकू येत होते. मी बोलायची थांबले. काकूंच्या ओट्यावर मी एकटीच होते.

आईचा आवाज आला. ती रागावली नाही. ती म्हणाली, "तिचं बगायचं काय? ती शिकायलीय. आन् ती फडात आली, तर तुमाला रातच्याला भाग कोण सांगंल?" मग पुन्हा बाया हसल्या, आत्याही हसल्या. दादा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "सांग गं फुडं. पोरगी बघायला गेला, मग?"

मी पुढे सांगितले. मला वाटते त्या रात्री मी बरे सांगितले, कारण भाग संपल्यावरही कोणी उठले नाही.

आता पट्टा पडायला आला आहे. पाडव्याच्या सुमारास टोळी परत येईल. आठवीचा वर्ग आपल्या शाळेत नाही. मोठ्या गावच्या शाळेचा कागद गुरुजींनी दिला आहे, तो मी भरून ठेवला आहे. सही तेवढी दादांची राहिली. आत्या म्हणाल्या आहेत की गावात आल्यावर त्या पहिल्यांदा आमच्या काकूंच्या घरी येणार आणि पोपटलाल दिसतो कसा ते बघणार. त्यांनी त्याला अजून एकदाही पाहिलेले नाही. त्यांच्या मनात तो मिशीवाला आणि धोतरातला आहे, असे आई सांगत होती. मी त्यांना अजून काही सांगितले नाही.

काल रात्री भाग अर्धाच झाला, दादांच्या फोनचे चार्जिंग संपले. राहिलेला अर्धा आज सांगायचा आहे आणि आजचाही सांगायचा आहे. साडेआठ वाजत आले, काकूंनी टीव्ही लावलेला ऐकू येतो आहे, म्हणून मी इथेच थांबते.